गोल्डफिशचे पाणी: टाकी स्वच्छ ठेवण्याच्या रीतीची पार्श्वभूमी

सांगलीत ज्या घरांत गोल्डफिश पाळलेले असतात, तेथे टाकी धुण्याची रीत बहुधा सारखीच असते. रविवारी सकाळी मासे बादलीत काढायचे, सगळे पाणी मोरीत ओतायचे, तळाचे खडे नळाखाली चोळायचे, फिल्टरचा स्पंज पांढरा दिसेपर्यंत पिळायचा, काच लख्ख पुसायची आणि ताजे पाणी भरायचे. त्यानंतर दोन-चार दिवसांत एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागला किंवा मेलाच, तर दोष नदीच्या पाण्याला, दुकानदाराला नाहीतर कोणाच्या तरी दृष्टीला दिला जातो. माझ्या मते दोष या धुण्यातच असतो. ही रीत ज्या काळात पडली त्या काळात पाण्यात नेमके काय घडते हे कोणालाच ठाऊक नव्हते. नंतर ते कळले, पण रीत मात्र तशीच राहिली.

गोल्डफिश हा मूळचा चीनमधील करड्या-हिरवट रंगाचा, कार्प कुळातील गोड्या पाण्यातला मासा. त्याच्यात अधूनमधून तांबूस-सोनेरी पिले निपजत. अशा माशांना मारू नये, ते पुण्यकर्म म्हणून तळ्यात सोडावेत, अशी बौद्ध परंपरा तेथे होती, आणि अशा राखीव तळ्यांमधूनच रंगीत माशांची वेगळी पैदास सुरू झाली. सोंग राजवटीत, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान, हांगचौच्या राजवाड्यात हे मासे हौसेने पाळले जाऊ लागले. या साऱ्या काळात ‘टाकी स्वच्छ ठेवणे’ हा प्रश्न उद्भवलाच नाही. पाणी विपुल होते, तळाशी माती होती, झाडे होती आणि माशांची संख्या त्या मानाने थोडी होती. साताऱ्याच्या पेठांमधील जुने दगडी हौद पाहिले तर हे सहज उमगते. उंचावरून नळाने येणारे पाणी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने वाहत राही, त्यामुळे हौद घासून काढण्याची वेळ क्वचितच येत असे.

अडचण सुरू झाली ती मासा घरात आल्यावर. मिंग काळात (१३६८ ते १६४४) गोल्डफिश मातीच्या व चिनी मातीच्या भांड्यांत पाळण्याची पद्धत रुळली. नदीत कधीच तगले नसते असे दुहेरी शेपटीचे आणि बटबटीत डोळ्यांचे प्रकार याच भांड्यांच्या आश्रयाने टिकले. १५९६ मध्ये तर केवळ या माशांवर एक स्वतंत्र पुस्तिका चीनमध्ये लिहिली गेली. भांडे लहान झाले की पाणी लवकर नासते, म्हणून ते वरचेवर बदलायचे, हा नियम येथे पक्का झाला, आणि त्या ज्ञानाच्या मर्यादेत तो योग्यच होता. जपानी पाळकांनी मात्र याहून शहाणपणाची एक गोष्ट जपली. उन्हात हिरवे झालेले जुने पाणी ते सगळे टाकून देत नसत. अशा पाण्यात पिले चांगली वाढतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. आपल्याकडे तेच हिरवे पाणी दिसले की पहिला हात बादलीकडे जातो.

सतराव्या शतकात हा मासा युरोपात पोहोचला, १७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले आणि पुढे काचेचा गोल वाडगा हेच त्याचे घर ठरून गेले. वाडग्याचे तोंड अरुंद, म्हणजे हवेशी संपर्क कमी, आणि पाणी जेमतेम काही लिटर. या वाडग्याचे नुकसान ओळखून त्यावर बंदी घालायला रोम शहराला २००५ साल उजाडले.

खरा विचार सुरू झाला तो लंडनमध्ये, आणि तो करणारा माणूस मासेपाळ नव्हे तर रसायनतज्ज्ञ होता. रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ मध्ये एका काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि सोबत व्हॅलिस्नेरिया ही पाण्यातील लांब पट्टीसारख्या पानांची वनस्पती लावली. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात हे तोवर सिद्ध झाले होते. माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यावा आणि वनस्पतीने सोडलेला प्राणवायू माशाने घ्यावा, असा त्याचा हिशेब होता. काही दिवसांनी जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर धरला. वॉरिंग्टनने पाणी फेकले नाही. त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. तीनच वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. व्हॅलिस्नेरिया आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही उगवते, मात्र मोठे झालेले गोल्डफिश तिची मुळे उकरून ठेवतात, हेही येथेच सांगायला हवे.

वॉरिंग्टनच्या हिशेबात एक मोठी उणीव होती. त्याचे सारे लक्ष प्राणवायूकडे होते. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो आणि मुख्य विष तेच असते, हे त्या हिशेबात नव्हते. गोल्डफिशला जठर नसते, तो दिवसभर खात राहतो आणि तितकीच घाण करतो. या अमोनियाचे पुढे काय होते, याचे उत्तर मत्स्यालयातून नव्हे तर सांडपाणी आणि शेतजमीन यांच्या अभ्यासातून आले. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी अमोनियाचे नायट्रेट होण्यामागे सूक्ष्मजीव आहेत, हे दाखवले आणि १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे केले. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही द्रव्ये माशाला घातक, तर तिसरे बरेच सौम्य असते. २०१५ मध्ये तर ही दोन्ही कामे एकटाच करणारा जिवाणूही सापडला.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खड्यांवर, काचेवर आणि सर्वांत जास्त स्पंजमध्ये चिकटून राहतात. महिनाभर चाललेला स्पंज हातात घेतला तर तो तपकिरी, किंचित बुळबुळीत लागतो आणि त्याला पावसाळी मातीसारखा वास येतो. दुर्गंधी मुळीच नसते. रविवारी आपण नळाखाली पिळून टाकतो ते हेच. नव्या टाकीत ही वसाहत नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे दर आठवड्याला सगळे धुणाऱ्या घरातील टाकी कायम नवीनच राहते.

आपल्या भागात काचेची टाकी सर्रास दिसू लागली त्याला फार काळ झालेला नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि सहलीला गेलेल्या अनेक पिढ्यांनी मासे काचेआड पाहिले ते तेथेच. लोखंडी चौकट आणि काच बसवायची लांबी (पुट्टी) यांची जड, गळकी टाकी जाऊन सिलिकॉनने चिकटवलेली टाकी आली, तेव्हा ती कोणताही काचवाला बनवून देऊ लागला. त्यातच वास्तू आणि फेंगशुईचे वेड आले. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे घरात असावेत, हा सल्ला देणाऱ्यांनी टाकी किती मोठी हवी हे कधी सांगितल्याचे ऐकिवात नाही. दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश ही कोणत्याही फिल्टरला न पेलणारी गोष्ट आहे.

सांगलीचे पाणी हा यातला वेगळा अध्याय आहे. शहराला कृष्णेचे पाणी मिळते आणि पिण्याच्या पाण्यात जंतू राहू नयेत म्हणून क्लोरीन टाकणे अनिवार्य असते. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. पावसाळ्यात नदी गढूळ झाली किंवा गावात टीसीएल पावडरीचा (पाणी निर्जंतुक करण्याच्या ब्लीचिंग पावडरीचा) हात सैल सुटला, की हे प्रमाण बरेच वाढते. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरील आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. अशा पुरानंतर येणाऱ्या पाण्यात क्लोरीनचा वास नाकालाही जाणवतो. हे क्लोरीन माशाचे कल्ले भाजते आणि स्पंजमधील जिवाणूही मारते. त्यावर दुकानात मिळणारे थेंब म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, फोटोग्राफीच्या जमान्यातला हायपोच. थेंब नसतील तर पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले तरी साधे क्लोरीन उडून जाते. बोअरच्या जड पाण्याची मात्र उगाच धास्ती घेतली जाते. गोल्डफिशला क्षारयुक्त पाणी मानवते. फक्त अशा पाण्याचा सामू (पीएच) चढा असेल, तर थोडासा अमोनियाही अधिक विषारी ठरतो, हे ध्यानात ठेवावे.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत एअर पंप तासन्‌तास बंद पडत आणि गच्च भरलेल्या टाक्या प्रथम बळी जात. उन्हाळ्याचे तेच आहे. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा. एप्रिल-मे महिन्यांत टाकी खिडकीपासून दूर, माजघरात ठेवावी, खाणे निम्म्यावर आणावे आणि आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणीच बदलावे. स्पंज धुवायचाच असेल, तर तो नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात एक-दोनदा हलकेच दाबून परत बसवावा.