वंशावळ फक्त वतनदारांचीच असते?

बेळगाव-निपाणी-खानापूर भागात एक समज पक्का बसलाय: वंशावळ असते ती पाटील-देशपांड्यांची, साध्या कुणब्याला आजोबांपलीकडे काही सापडत नाही. हे चूक आहे, आणि त्यापायी कित्येक जण शोधच सोडून देतात याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे हेळवी येतात. घराण्यांच्या पिढ्या सांगणं हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. सुगीनंतर ते ठरलेल्या गावांत फिरतात, चोपडीत नवी नावं चढवतात, जुनी वाचून दाखवतात आणि बदल्यात धान्य, पैसे घेतात. त्यांचे यजमान प्रामुख्याने शेतकरीच! तुमच्या भावकीचा हेळवी कोण, हे गावातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारा. मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, जमिनीच्या वारसा-फेरफार नोंदी आहेत. जुने कागद मोडी लिपीत असले, तर मोडी वाचणारा गाठावा लागेल.

सीमेचं मात्र ध्यानात ठेवा. १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहिला. तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. चंदगडकडच्यांनी त्याआधीच्या कागदांसाठी बेळगावातही चौकशी करावी. परदेशात वाढलेल्या नातवंडांनी आडनावाआधी मूळ गाव आणि कुलदैवत विचारून घ्यावं. एकाच आडनावाची माणसं शेकडो गावांत आहेत.