आउटलुक-एक्स्चेंजमधील स्पॅम-गाळणी

कार्यालयाच्या मेल-सर्व्हरवर येणाऱ्या टपालातून नको असलेली पत्रे (स्पॅम) ओळखून ती बाजूला काढण्याची व्यवस्था. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरला आउटलुक (टेबलावरच्या संगणकात मेल वाचण्याचा प्रोग्रॅम) जोडलेले असते तेथे ही गाळणी दोनदा होते : आधी सर्व्हरवर, मग टेबलावरच्या संगणकात. ‘समोरच्याने मेल पाठवलाय म्हणतो, मग गेला कुठे?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा यांपैकी कोणत्या गाळणीने तो अडवला, हे कळले की मिळते.

न मागता आलेल्या जाहिरातीचा पहिला ज्ञात ई-मेल ३ मे १९७८ चा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी तो अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या) सुमारे ४०० जणांना पाठवला होता. पुढे एका पत्राचा आणि लाख पत्रांचा खर्च जवळपास सारखाच झाला, आणि गाळणीवाचून कार्यालयांचे चालेना.

सर्व्हरवरच्या गाळणीचे काम गुण देण्याचे. एक्स्चेंज २००३ साठी २००४ मध्ये ‘इंटेलिजंट मेसेज फिल्टर’ आला. तो बाहेरून आलेल्या प्रत्येक पत्रावर ० ते ९ पैकी एक आकडा चिकटवत असे, त्याला एस.सी.एल. (स्पॅम कॉन्फिडन्स लेव्हल, म्हणजे स्पॅम असण्याच्या खात्रीची पातळी) म्हणतात. आकडा जितका मोठा तितकी स्पॅमची खात्री अधिक. विश्वासाच्या ठिकाणाहून आलेल्या पत्राला −१ मिळतो. एक्स्चेंजच्या नंतरच्या आवृत्त्यांत मूळ मर्यादा ४ ठेवलेली आहे, म्हणजे ५ किंवा जास्त गुणांचे पत्र जंक फोल्डरमध्ये जाते. याखेरीज प्रशासक आणखी वरची मर्यादा ठरवून पत्र दारातूनच परत लावू शकतो किंवा नष्ट करू शकतो. असे पत्र आउटलुकमध्ये कुठेच दिसत नाही. त्यामुळे जंक फोल्डर दोनदा पाहूनही मेल सापडला नाही, तर आउटलुकची सेटिंग्ज उलटसुलट करण्यात वेळ न घालवता थेट आयटी विभागाकडे सर्व्हरची नोंद मागावी.

दुसरी गाळणी आउटलुकची स्वतःची. आउटलुक २००३ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चने घडवलेले ‘स्मार्टस्क्रीन’ तंत्र आले. एक्स्चेंजच्या खात्यावर ही गाळणी मेलपेटीची प्रत संगणकावर उतरवली जात असेल (कॅश्ड मोड) तरच चालते. कारण मजकूर वाचायला पूर्ण पत्र हाताशी लागते. स्वयंचलित गाळणी बंद, कमी, जास्त आणि ‘फक्त सुरक्षित यादीतले’ अशा चार पातळ्या तीत आहेत. संस्थेच्या पत्ता-यादीतले सर्व सहकारी आपोआप सुरक्षित धरले जातात. मात्र १ नोव्हेंबर २०१६ पासून मायक्रोसॉफ्टने या गाळणीसाठी नवी माहिती देणे थांबवले. पातळी ‘जास्त’ वर ठेवून निर्धास्त राहणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवे : ती गाळणी स्पॅमच्या जुन्या ओळखीवरच चालते आहे.

सुरक्षित आणि अडवलेल्या पाठवणाऱ्यांच्या याद्या मात्र अजून कामाच्या आहेत, आणि त्या सर्व्हरलाही कळतात. अडवलेल्यांची यादी वाढवत बसण्यात फारसा अर्थ नाही. स्पॅम पाठवणारा रोज नवा पत्ता घेतो. खरा धोका सुरक्षित यादीत आहे. पुष्कळ कर्मचारी आपल्याच कंपनीचे डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) तीत टाकतात. ‘प्रेषक’ या रकान्यात कुणाचाही पत्ता लिहिता येतो, म्हणून ‘साहेबांकडून तातडीचे’ असे भासणारे बनावट पत्र याच वाटेने सरळ इनबॉक्समध्ये उतरू शकते.

तिसरा मार्ग वापरणाऱ्याकडून शिकणाऱ्या गाळणीचा. मेहरान सहामी, सुसान ड्युमे, डेव्हिड हेकरमन आणि एरिक हॉर्व्हिट्झ यांनी १९९८ मध्ये बेझच्या संभाव्यता-नियमावर (आधीच्या उदाहरणांवरून शक्यता ठरवण्याच्या गणितावर) आधारलेली पद्धत मांडली. ऑगस्ट २००२ मध्ये प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांच्या निबंधाने ती प्रोग्रॅमरांमध्ये पसरली, आणि त्यातून ‘स्पॅमबेज’ हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. मार्क हॅमंड यांनी त्याची आउटलुकसाठी जोडणी तयार केली.

ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, कारखान्याच्या खरेदी विभागाने तिला १०० स्पॅम आणि १०० कामाची पत्रे दाखवली. ‘कर्ज’ हा शब्द ४० स्पॅममध्ये आणि १० कामाच्या पत्रांत आला, तर त्याचा कच्चा गुण, ० ते १ या मापावर, ०.८. ‘गेटपास’ २० कामाच्या पत्रांत आहे, स्पॅममध्ये एकदाही नाही. पण त्याला शून्य न देता सुमारे ०.०११ दिला जातो. वीस वेळच्या अनुभवावरून ‘कधीच नाही’ म्हणायचे नाही, हा गॅरी रॉबिन्सन यांनी सुचवलेला सावधपणा. कधीच न पाहिलेल्या शब्दाला ०.५. एका बाजूकडे स्पष्ट बोट दाखवणाऱ्या शब्दांचे गुण एकत्र करून पत्राचा निकाल शंभरपैकी लागतो : ९० च्या वर स्पॅम, १५ च्या खाली चांगले, आणि मधले सारे संशयितांच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. हे तिसरे फोल्डर या पद्धतीचे सर्वांत मोठे देणे. इनबॉक्समध्ये दहा स्पॅम आले तर दहा वेळा डिलीट दाबावे लागते. निविदेची मुदत कळवणारे एक पत्र जंकमध्ये पडून राहिले तर काम हातचे जाते. ‘खात्री नाही’ म्हणू शकणारी गाळणी ती चूक पुष्कळदा टाळते.

एक्स्चेंजमुळे यात एक अडचण येते. कार्यालयातल्या कार्यालयात गेलेल्या पत्राला इंटरनेटवरच्या प्रवासाची शीर्ष-नोंद नसते. स्पॅमबेज मग प्रेषक, विषय वगैरेंवरून कामचलाऊ शीर्ष-नोंद बनवून तपासणी करते. शिवाय ही जोडणी आउटलुक उघडे असतानाच चालते. संगणक बंद करून घरी गेलेल्याला मोबाइलवर तेच टपाल न गाळलेले दिसते.

मराठीतून चालणाऱ्या कार्यालयात शिकवण्याला जास्त धीर लागतो. ही गाळणी मजकूर मोकळ्या जागांवर तोडते, त्यामुळे ‘खाते’, ‘खात्यात’, ‘खात्याला’, ‘खात्यावर’ हे तिच्या लेखी चार अनोळखी शब्द, आणि प्रत्येकाची उदाहरणे वेगळी साठावी लागतात. आउटलुकमध्ये परक्या लिप्यांची पत्रे संकेतनावरून (अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीवरून) अडवण्याची यादीही आहे. पण तीत युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीचे सामाईक संकेतन, नाही. आज देवनागरी पत्रे युनिकोडमध्येच येतात, म्हणून मराठी स्पॅम त्या यादीने अडत नाही आणि मराठी टपालाला तिचा त्रासही होत नाही.