लढाऊ खेळांतील क्रिप्टो प्रायोजकत्व

आभासी चलनांची खरेदी-विक्री चालवणारी एक्सचेंजेस आणि टोकनचे, म्हणजे नव्याने काढलेल्या आभासी नाण्यांचे, प्रवर्तक मुष्टियुद्ध, किकबॉक्सिंग व मिश्र मार्शल आर्ट्स या खेळांत पैसे घालून आपले नाव रुजवतात, ती विपणनपद्धत. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत तिला मोठा भर आला.

या खेळांत जाहिरातीची जागा थोडी असते, पण ती सतत दिसते. यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीची साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर विजेतेपदाची पाच फेऱ्यांची असते. तेवढा वेळ कॅमेरा दोनच माणसांवर असतो. पुरुष उघड्या अंगाने लढतात. त्यामुळे प्रत्यक्ष लढतीत कापडावरची जागा शॉर्ट्सपुरतीच उरते आणि तिच्या जोडीला पायाखालचा कॅनव्हास येतो. प्रेक्षकांत तरुण पुरुष बहुसंख्य असतात आणि क्रिप्टो कंपन्यांना ग्राहक म्हणून हवा असतो तोच वर्ग. डिसेंबर २०१८ मध्ये यूएफसी २३२ या स्पर्धेच्या कॅनव्हासवर लाइटकॉइन या आभासी चलनाचे चिन्ह झळकले. या खेळातल्या अशा करारांपैकी हा अगदी सुरुवातीचा.

ही शॉर्ट्सवरची जागा विकण्याचा हक्क कोणाकडे आहे, हा या व्यवहारातला कळीचा मुद्दा आहे. यूएफसीत तो कंपनीकडे आहे. जुलै २०१५ मध्ये रीबॉकचा गणवेश सक्तीचा झाला आणि लढवय्यांना स्वतःचे प्रायोजक अंगावर मिरवण्याची मुभा संपली. त्यामुळे जुलै २०२१ मध्ये क्रिप्टो डॉट कॉम या एक्सचेंजने एकाच करारात सर्वांचे गणवेश मिळवले. हा करार दहा वर्षांचा आणि १७.५ कोटी डॉलरचा असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. लढवय्याच्या वाट्याला गणवेशापोटी येते ते ठरीव मानधन. २०२१ च्या दरपत्रकानुसार पहिल्या तीन लढतींपर्यंत दर लढतीला ४,००० डॉलर, २१ किंवा अधिक लढती झालेल्याला २१,००० आणि विजेत्याला ४२,००० डॉलर मिळत. ही रक्कम अनुभवावर ठरते. छातीवर किंवा शॉर्ट्सवर कोणाचे चिन्ह आहे, याच्याशी तिचा संबंध नाही. एप्रिल २०२२ मध्ये यूएफसी २७३ पासून चाहत्यांच्या मतांवर तिघांना ३०,०००, २०,००० आणि १०,००० डॉलरचे बक्षीस बिटकॉइनमध्ये देण्याची योजना सुरू झाली. बक्षिसाचा आकडा डॉलरमध्ये बांधलेला आणि चुकते केले जायचे बिटकॉइनमध्ये, ही रचना शहाणपणाची होती. हातात पडेपर्यंतच्या चढ-उताराचा भार खेळाडूवर येत नाही. मात्र मिळालेले बिटकॉइन त्याने जवळ ठेवले, तर पुढची जोखीम त्याचीच.

व्यावसायिक मुष्टियुद्धात चित्र उलटे आहे. तिथे शॉर्ट्सवरची जागा बहुधा बॉक्सर स्वतः विकतो आणि मोबदलाही थेट त्याच्याकडे येतो. पण प्रायोजकाची पारख करणारा विभाग त्याच्या पाठीशी नसतो. अमेरिकी बॉक्सर फ्लॉइड मेवेदरने समाजमाध्यमांवर सेंट्रा टेक या कंपनीच्या टोकनविक्रीची भलामण केली आणि त्यासाठी मिळालेले १ लाख डॉलर उघड केले नाहीत. अमेरिकेच्या रोखे आयोगाने, म्हणजे एसईसीने, तीन टोकनविक्रींचे मिळून ३ लाख डॉलर न सांगितल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती रक्कम, तेवढाच दंड आणि वर व्याज भरण्याचे त्याने मान्य केले. तीन वर्षे कोणत्याही रोख्याची जाहिरात न करण्याची अटही स्वीकारली. सेंट्राच्या संस्थापकांवर फसवणुकीचा खटला चालला आणि त्यांना शिक्षा झाली. पुढे जून २०२१ मध्ये मायामीतील, यूट्यूबर लोगन पॉलविरुद्धच्या लढतीत मेवेदरने इथेरियममॅक्स या टोकनला प्रसिद्धी दिली. जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांनी दाखल केलेल्या दाव्यात त्याचेही नाव होते.

करार बिघडतात ते बहुतेक मोबदल्याच्या स्वरूपावरून. प्रायोजकाने स्वतःच्याच टोकनमध्ये पैसे दिले आणि ते काही महिने विकता येणार नाहीत अशी अट घातली, तर भाव टिकावा ही खेळाडूची गरज होऊन बसते. मग तो जाहिरात करणारा राहत नाही, विक्रेता होतो. आणि भाव कोसळला की नुकसान चाहत्याचे तसे त्याचेही होते. म्हणून रक्कम डॉलरमध्ये ठरवावी, हप्ता लढतीपूर्वी घ्यावा, प्रायोजक दिवाळखोरीत गेल्यास किंवा त्याच्यावर नियामकाची कारवाई झाल्यास चिन्ह ताबडतोब उतरवण्याचा हक्क लेखी असावा. टोकन रोखा, म्हणजे शेअरसारखे गुंतवणुकीचे साधन, ठरत असेल, तर अमेरिकी कायद्यानुसार पैसे मिळाले एवढे सांगून भागत नाही. कोणाकडून, कशाच्या रूपात आणि किती, हेही सांगावे लागते.

भारतात एएससीआय या जाहिरात मानक संस्थेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. क्रिप्टो उत्पादने अनियंत्रित व अत्यंत जोखमीची असू शकतात आणि नुकसान झाल्यास नियामकाकडे दाद मागता येईलच असे नाही, हा इशारा जाहिरातीत द्यावा लागतो. छापील जाहिरातीत त्याला किमान एक पंचमांश जागा लागते. जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतानेही आधी स्वतः चौकशी केलेली असावी, अशी या नियमांची अपेक्षा आहे.