फरशीखालचा चुना

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं, पण कोल्हापुरातलं उच्च शिक्षण त्याहून बरंच जुनं. राजाराम कॉलेज १८८० चं, तेव्हा भवानी मंडपाजवळच्या दगडी इमारतीतलं. गोपाळ कृष्ण गोखले तिथे शिकले. अशा इमारतींच्या फरश्या बदलायचा विषय निघाला की एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी: ही बांधकामं सिमेंटच्या आधीची आहेत. आपल्याकडे सिमेंटचं उत्पादन मार्गी लागलं ते १९१४ च्या सुमारास, पोरबंदरला.

तोवर सगळी भिस्त चुन्यावर. बैलाने ओढायच्या घाण्यात मळायचा, गूळ-हिरड्याचं पाणी घालून चिवट करायचा. विटांचे तुकडे आणि चुना पसरून चोपण्यांनी ठोक-ठोक ठोकला की कोबा तयार. ते ठोकणं दिवसेंदिवस चाले. घाई केली की कोबा तडकायचा. वर घडीव काळा दगड, कारण जवळच्या खाणींत तोच मिळे. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि लांबून माल आणणं सोपं झालं. मग शहाबादी, नक्षीच्या सिमेंट टाइल्स, मोझाईक आणि आता गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स.

खरी अडचण या शेवटच्या थराने आणली. चुन्याचा कोबा पावसाळ्यात ओल घेतो आणि उघडीप मिळाली की दगडांच्या सांध्यांतून सोडतो. त्यावर सिमेंटचा माल टाकून गुळगुळीत टाइल बसवली की ती वाट बंद. जमिनीतली ओल मग कडेच्या भिंतीत चढते. कंबरेइतक्या उंचीपर्यंत गिलावा फुगतो, पापुद्रे सुटतात, पांढरा खार फुटतो. आपण मात्र गळती शोधत छपरावर चढतो! कोल्हापूरच्या पावसात तर हे हमखास होतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की पहारी लावण्याआधी एका कोपऱ्यातली फरशी अलगद काढून खाली काय आहे ते बघावं. कोबा शाबूत असेल तर तो ठेवावा, फुटक्या फरश्या तेवढ्या बदलाव्यात आणि सांधे चुन्यानेच भरावेत. अडतं ते मुदतीपाशी. चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, घातल्यावर सावकाश वाळू द्यावा लागतो. काम उन्हाळी सुट्टीत उरकायचं ठरलं की ठेकेदार सिमेंटच वापरणार.