हिवाळ्यात कॅराव्हॅन घेऊन टिरोलला जायचंय? आधी कागद बघा, मग डिपॉझिट भरा

गेल्या काही हिवाळ्यांत म्युनिक आणि आजूबाजूच्या आपल्या बऱ्याच मंडळींना मी ही कागदपत्रं जमवायला मदत केलीये, आणि बर्फामुळे ट्रिप बारगळलेलं एकही घर मला आठवत नाही. सगळे अडकतात ते कागदावर. कोणी भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर, कोणी रिसेप्शनवर, आणि एक जण तर परत येताना बॉर्डरवर, गाडीत दोन लहान मुलं झोपलेली असताना. म्हणून हे सविस्तर लिहितोय. जर्मनीत राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि कॅराव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात सेफेल्ड, झिलरटाल, सोल्डन अशा ठिकाणच्या हिवाळी कॅम्पसाइटला जाणाऱ्यांसाठी हे आहे.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते लायसन्सवर. जर्मन बी क्लास लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो, त्याहून जड असेल तर गाडी आणि कॅराव्हॅन मिळून ३,५०० किलोच्या आत बसायला हवेत. इथे लोक काय करतात, कॅराव्हॅन रिकामी आहे, सामान कमी आहे असं म्हणून प्रत्यक्ष वजन धरतात. तसं चालत नाही. दोन्ही वाहनांच्या फारत्सॉयगशाइनवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, जे कमाल परवानगी असलेलं वजन छापलंय (एफ.२ चा रकाना बघा) त्या दोन आकड्यांची बेरीज धरतात, मग कॅराव्हॅनमध्ये एक उशी का असेना. गाडी २,१०० आणि कॅराव्हॅन १,५०० म्हणजे झाले ३,६००, आणि तुमचं बी लायसन्स त्या दिवसापुरतं लायसन्सच नाही. हा साधा दंडाचा मामला नाहीये, जर्मनीत विनालायसन्स गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि ज्यांना पुढे रेसिडेन्स परमिट वाढवायचाय किंवा सिटिझनशिपचा अर्ज करायचाय त्यांनी शंभर किलोसाठी हा धोका अजिबात घेऊ नका.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. बी ९६ नावाची नोंद, तिच्यावर ४,२५० किलोपर्यंत जाता येतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किमान ७ तासांचं ट्रेनिंग, परीक्षा नाही. पण ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे काम झालं असं समजून लोक थेट निघतात! ते सर्टिफिकेट घेऊन लायसन्स ऑफिसला अर्ज करायचा आणि ९६ हा आकडा लायसन्सवर चढल्यावरच गाडी जोडायची. ऑफिसची अपॉइंटमेंट मिळायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहितीये, त्यामुळे डिसेंबरला जायचं असेल तर ट्रेनिंग उन्हाळ्यातच उरका. ४,२५० च्याही वर जात असाल तर बीई क्लास, त्याला मात्र परीक्षा आहे.

आता भारतीय लायसन्सवाले. जर्मनीत राहायला आल्यापासून ६ महिने ते चालतं, त्यानंतर नाही, मग थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात कारण सूट असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इंटरनॅशनल परमिटबद्दल आहे. दिवाळीला पुण्याला किंवा नाशिकला गेलो, आरटीओतून १,००० रुपये भरून नवीन परमिट काढलं, त्यावर एक वर्षाची मुदत छापलीये, म्हणजे अजून एक वर्ष चालवता येईल असं वाटतं. नाही हो. ते परमिट म्हणजे तुमच्या भारतीय लायसन्सचं फक्त भाषांतर आहे, जर्मनीतले ६ महिने संपले की मूळ लायसन्सच इथे चालत नाही, मग भाषांतर चालून काय उपयोग. मला हे दर वर्षी कोणाला ना कोणाला समजवावं लागतं आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण तोपर्यंत बुकिंगचे पैसे भरून झालेले असतात.

यातच आणखी एक कागद असा आहे जो कोणाकडेच नसतो, तो म्हणजे जुन्या अनुभवाचा पुरावा. भाड्याने देणारे बरेच जण लायसन्स अमुक वर्षं जुनं हवं असं मागतात, तुम्ही भारतात १२ वर्षं गाडी चालवलेली असते पण जर्मन कार्डावर तारीख असते गेल्या वर्षीची, आणि लायसन्स बदलून देताना ऑफिसने मूळ भारतीय कार्ड काढून घेतलेलं असतं. तर कार्ड देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत कॉपी काढून ठेवा. आधीच देऊन टाकलं असेल तर भारत सरकारच्या सारथी पोर्टलवर लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट (नोंदींचा उतारा) मागता येतो, त्यावर पहिल्यांदा लायसन्स कधी मिळालं ते असतं. भाडेवाल्याला तो मान्य आहे का हे पैसे भरायच्या आधी ईमेलवर लेखी विचारा, फोनवर "हो हो चालेल" म्हणणारा माणूस काउंटरवर नसतो.

मग गॅस. हिवाळ्यात हीटर गॅसवर चालतो त्यामुळे याकडे दुर्लक्ष करू नका. गॅस सिस्टीमची 'जी ६०७' (G 607) नावाची तपासणी दर दोन वर्षांनी करायची असते, तिची नोंद एका पिवळ्या पुस्तिकेत असते आणि कॅराव्हॅनच्या मागे गोल स्टिकर लागतो. १९ जून २०२५ पासून जर्मनीत ही तपासणी कायद्याने सक्तीची आहे, स्वतःची खाजगी कॅराव्हॅन असली तरी. जुनी कॅराव्हॅन कोणाकडून विकत घेतली की ही पुस्तिका हमखास गायब असते, विकणारा म्हणतो घरी कुठेतरी असेल, पाठवतो, आणि ती कधीच येत नाही. वाट बघू नका, अधिकृत तपासनीसाकडून नव्याने तपासणी करून घ्या, तो नवी पुस्तिका देतो. रेग्युलेटर आणि नळ्या १० वर्षांहून जुन्या असतील तर बदलाव्या लागतील, तो खर्च धरून चला. भाड्याची असेल तर पुस्तिकेतल्या शेवटच्या नोंदीचा फोटो आधीच मागवा. आणि सिलिंडर प्रोपेनचाच हवा, ब्युटेनचा शून्याच्या आसपास गॅसच होत नाही, सिलिंडर भरलेला आणि आत थंडीने कुडकुडणारी पोरं अशी अवस्था होते. कडाक्याच्या थंडीत ११ किलोचा सिलिंडर दोन-चार दिवसांत संपतो, म्हणून साइटवर गॅसची लाइन आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

रेसिडेन्स परमिटचं कार्ड आणि पासपोर्ट, दोन्ही ओरिजिनल, प्रत्येकाचं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. ऑस्ट्रियाकडून जर्मनीत येताना २०१५ पासून तपासणी चालू आहे, शेंगेन आहे म्हणून कोणी विचारणार नाही हा समज डोक्यातून काढा. ज्यांचं कार्ड संपलंय आणि हातात फिक्टिऑन्सबेशाइनिगुंग (परमिटच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत मिळणारा तात्पुरता कागद) आहे त्यांनी तिचं तिसरं पान उघडून बघा, तिसऱ्या चौकटीत खूण असेल तर जुन्या कार्डासोबत परत येता येतं, पहिल्या किंवा दुसऱ्या चौकटीत असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. कागद एकच, फरक एका छोट्या खुणेचा, आणि तो कागद हातात देताना ऑफिसातलं कोणी हे समजावून सांगत नाही याचा मला खरंच राग येतो. शंका असेल तर परदेशी नागरिकांच्या ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, तोवर बाहेर जाऊ नका.

बुकिंगमध्ये दोन जागा फसव्या आहेत. साइटवर 'आनफ्रागं' असं बटण असेल तर ती फक्त चौकशी आहे, त्याला आलेलं आपोआप उत्तर म्हणजे कन्फर्मेशन नाही. आणि डिपॉझिटच्या तारखेपुढे 'त्सालुंग्सआइनगांग' लिहिलेलं असेल तर त्या तारखेला पैसे त्यांच्या खात्यात जमा झालेले हवेत, तुम्ही त्या दिवशी पाठवून चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी साधं ट्रान्सफर केलं की ते सोमवार-मंगळवारी पोचतं आणि ख्रिसमसची जागा तोवर दुसऱ्याला गेलेली असते. इन्स्टंट ट्रान्सफर करा किंवा चार दिवस आधी भरा. कन्फर्मेशनची प्रिंट गाडीत ठेवा, कारण टिरोलमध्ये सीझनच्या वीकेंडला हायवे सोडून गावातल्या रस्त्यांनी जायला बंदी असते, तिथेच मुक्कामाला जाणाऱ्यांना सोडतात पण ते दाखवायला काहीतरी हातात हवं.

बाकी नेहमीचं. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर विंटर टायर, ऑस्ट्रियात किमान ४ मिलिमीटर ट्रेड (टायरच्या खाचांची खोली), बर्फाच्या साखळ्या, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. ऑस्ट्रियात विन्येट (हायवेच्या टोलचं स्टिकर) गाडीला लागतं, कॅराव्हॅनला वेगळं नाही, स्वित्झर्लंडमध्ये गेलात तर मात्र दोन्हींना वेगवेगळं. सोल्डनवरून पुढे इटलीत टिमेल्सयोखने उतरू असा बेत असेल तर तो घाट हिवाळ्यात बंद असतो.

आईबाबा भारतातून आलेले असतील तर त्यांचेही ओरिजिनल पासपोर्ट सोबत घ्या, ऑस्ट्रियात आल्यापासून २४ तासांत प्रत्येक पाहुण्याची नोंद करावी लागते आणि परदेशी नागरिकांना ओळखपत्र दाखवावंच लागतं. जर्मनीतल्या साइटवर १ जानेवारी २०२५ पासून नोंदणीचा फॉर्म बंद झालाय असं ऐकलं असेल, ते फक्त जर्मन नागरिकांसाठी, आपल्याला अजून भरायचाच आहे. आणि व्हिसासाठी काढलेल्या ३०,००० युरोच्या विम्यात विंटर स्पोर्ट्स आहे का ते पॉलिसी उघडून वाचा, स्कीच्या उतारावरून हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च जर्मनीतल्या सरकारी आरोग्य विम्यातही सहसा बसत नाही, त्यामुळे असा विमा आपल्याला स्वतःलासुद्धा वेगळा काढावा लागतो. बाबा स्की करणार नाहीत हे खरं, पण नातवाबरोबर घसरगाडीवर बसायला ते नाही म्हणणार नाहीत, तेव्हा घसरगाडीसुद्धा पॉलिसीत धरलीये का तेही विचारून घ्या.