तांब्याने अडवलेली वाट : जर्मनीच्या ब्रॉडबँडमागचा इतिहास

पुण्या-मुंबईहून जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांचा घरी पहिला फोन आला की थंडीच्या खालोखाल विषय निघतो तो इंटरनेटचा. जोडणीसाठी अर्ज केला तर तंत्रज्ञ काही आठवड्यांनी येतो, आणि तो आल्यावर कळतं की भिंतीतून आलेली तार जुन्या टेलिफोनचीच आहे, तांब्याची. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ अखेरीस जर्मनीतल्या दर शंभर ब्रॉडबँड जोडण्यांपैकी जेमतेम दहा-अकरा फायबरच्या, म्हणजे प्रकाशाने संदेश नेणाऱ्या काचेच्या तंतूंच्या, होत्या. स्पेनमध्ये हेच प्रमाण ऐंशीच्या वर होतं.

हा देश गरीब नाही आणि तिथे अभियंत्यांचीही वाण नाही. मग असं का झालं? माझं उत्तर असं की जर्मनीचं तांब्याचं जाळं फार चांगलं होतं. ते मोडकळीला आलं असतं तर ते बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. ते टिकलं, म्हणून प्रत्येक दशकात कोणी ना कोणी म्हणू शकलं, ‘अजून चालतंय की.’

सुरुवात मात्र नेमकी उलट झाली होती. ८ एप्रिल १९८१ रोजी बॉनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांच्या मंत्रिमंडळापुढे टपाल आणि दूरसंचारमंत्री कुर्ट गशाइडले यांनी एक योजना मांडली. तंत्र तयार होताच सरकारी टपाल खात्याने, म्हणजे बुंडेसपोस्टने, देशभर फायबरचं जाळं विणायला घ्यावं. १९८५च्या सुमारास सुरुवात, दरवर्षी देशाचा तिसावा भाग, वर्षाला सुमारे ३ अब्ज मार्क (युरोच्या आधीचं जर्मन चलन) खर्च आणि तीस वर्षांत काम पूर्ण. हे वेळापत्रक पाळलं गेलं असतं तर २०१५च्या आसपास जर्मनीतल्या घराघरांत फायबर असतं. ही जुनी टिपणं काही वर्षांपूर्वी पुन्हा चर्चेत आली, तेव्हा तिथल्या लोकांना हळहळ वाटली यात नवल नाही.

ऑक्टोबर १९८२मध्ये सत्तापालट झाला. हेल्मुट कोल चॅन्सेलर झाले आणि टपाल खातं क्रिस्टियान श्वार्झ-शिलिंग यांच्याकडे आलं. नव्या सरकारला घाई होती ती खासगी दूरचित्रवाणीची. सरकारी प्रसारण संस्था डावीकडे झुकलेल्या आहेत, अशी कोल यांच्या पक्षाची जुनी तक्रार होती, आणि अनेक वाहिन्या घरोघरी लवकर पोचवायच्या तर तांब्याची कोअॅक्सियल केबल, म्हणजे केबल टीव्हीची जाड तार, बाजारात तयार होती. पैसा तिकडे वळला. १ जानेवारी १९८४ रोजी लुडविग्सहाफेन इथल्या प्रायोगिक केबल प्रकल्पातून खासगी वाहिन्यांचं प्रक्षेपण सुरू झालं.

या निर्णयाला आज सगळेच नावं ठेवतात. मला ते पूर्ण न्याय्य वाटत नाही. फायबर तेव्हा महाग होतं, घरगुती वापराची उपकरणं तयार नव्हती, आणि त्याच केबलवरून पुढे कित्येक शहरी घरांत देशातलं सर्वांत वेगवान इंटरनेट पोचलं. चूक झाली ती दुसरीकडे. केबल टाकून झाल्यावर फायबरची योजना पुन्हा बाहेर काढली गेली नाही.

दुसरी संधी आली ती १९९०च्या एकीकरणानंतर, आणि या सगळ्या कहाणीतला सर्वांत चटका लावणारा भाग हाच आहे. पूर्व जर्मनीत सुमारे एक कोटी साठ लाख लोकांमागे टेलिफोन जोडण्या होत्या अठरा लाखांच्या आसपास. अर्ज करून लोक दहा-दहा वर्षं वाट पाहत, आणि काही एक्स्चेंजांमध्ये १९२०च्या दशकातली यंत्रं अजून चालू होती. सगळं नव्याने उभारायचं होतं, म्हणून कोऱ्या पाटीवर नवं तंत्र लिहावं असं अभियंत्यांना वाटणं स्वाभाविक होतं. ‘ओपाल’ नावाच्या योजनेतून पूर्वेकडच्या लाखो घरांजवळ फायबर नेलं गेलं.

पण ते टेलिफोन आणि केबल टीव्हीसाठी आखलेलं होतं. १९९९मध्ये डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून मिळणारं वेगवान इंटरनेट, आलं, तेच मुळी तांब्याच्या तारेवर चालणारं. वाटेत फायबर असलेल्या जोडणीवर ते चालेना. त्यामुळे देशातल्या सर्वांत नव्या जाळ्यावरची माणसं वर्षानुवर्षं मोडेमच्या करकरीवर अडकून पडली आणि पश्चिमेतल्या जुन्या तारांवरचे शेजारी पुढे निघून गेले. शेवटी काही ठिकाणी फायबरच्या जोडीला पुन्हा तांबं टाकावं लागलं! लवकर केलेली योग्य गोष्ट अंगाशी आली, आणि फायबर म्हणजे फसलेला प्रयोग असा समज टपाल खात्यातून निघालेल्या दूरसंचार कंपनीत रुजायला मदत झाली.

तोवर कंपनीचं रूपही बदललं होतं. १९८९मध्ये बुंडेसपोस्टचे टपाल, बँक आणि दूरसंचार असे तीन भाग झाले. १९९५मध्ये दूरसंचाराची डॉइच टेलिकॉम ही भागभांडवली कंपनी झाली आणि नोव्हेंबर १९९६मध्ये तिचे समभाग २८.५० मार्कांना बाजारात आले. लोकप्रिय अभिनेते मानफ्रेड क्रूग यांनी जाहिरात केली आणि आयुष्यात कधी शेअर न घेतलेल्या कुटुंबांनी बचत त्यात घातली. मार्च २०००मध्ये भाव शंभर युरोंच्या वर गेला आणि मग कोसळला. क्रूग यांनी नंतर लोकांची माफी मागितली. हा तपशील इथे महत्त्वाचा आहे, कारण त्यानंतर कंपनीचं लक्ष कर्ज फेडण्याकडे आणि लाभांशाकडे लागलं. तीस वर्षांनी फळ देणारे खड्डे खणायला अशा वेळी कोण तयार होतं? सरकारकडे आजही कंपनीचा पाव भागाहून जास्त वाटा आहे. नियम करणारं आणि लाभांश घेणारं घर एकच, ही अडचण तिथे उघडपणे बोलली जाते.

१ जानेवारी १९९८पासून बाजार सर्वांना खुला झाला. नव्या कंपन्यांना टेलिकॉमची घरापर्यंतची तार ठरावीक भाड्याने घेता येऊ लागली, कॉलचे दर झपाट्याने उतरले आणि ग्राहकांचा खरोखर फायदा झाला. पण भाड्याचं तांबं मिळत असताना रस्ता कोण खोदणार? स्पर्धा झाली ती बहुतांशी एकाच जुन्या तारेवर.

मोबाइलच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०००मध्ये थ्रीजीच्या लहरींच्या लिलावात सहा बोलीदारांनी मिळून सुमारे ५० अब्ज युरो मोजले. त्यातल्या दोघांनी पुढे हात टेकले आणि उरलेल्यांकडे मनोऱ्यांसाठी पैसा कमी पडला. सरकारी तिजोरी भरली, पण गावोगावचे ‘सिग्नल नाही’ असलेले पट्टे तसेच राहिले. २०१८मध्ये शिक्षण आणि संशोधनमंत्री अन्या कार्लिचेक म्हणाल्या की फाइव्हजी दुधाच्या प्रत्येक कॅनपाशी गरजेचं नाही. ग्रामीण भागात हे वाक्य जिव्हारी लागलं. गोठ्यात दूध काढणारी यंत्रंही आता इंटरनेटवर चालतात, हे शेतकऱ्यांना मंत्रालयापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

इकडे घरगुती इंटरनेटसाठी तांब्यालाच आणखी पिळायचं ठरलं. तांब्यावर वेग अंतराबरोबर घटतो. म्हणून रस्त्याकडेच्या करड्या पेट्यांपर्यंत फायबर आणायचं आणि शेवटच्या काहीशे मीटरांसाठी जुनीच तार वापरायची. एका जुडग्यातल्या तारा एकमेकींच्या संदेशात खरखर मिसळतात. ती गणिताने पुसण्याच्या तंत्राला व्हेक्टरिंग म्हणतात. त्याने वेग १०० मेगाबिटपर्यंत गेला, पुढे २५०पर्यंत. मात्र यासाठी पेटीतल्या सगळ्या तारा एकाच कंपनीच्या ताब्यात लागतात. नियामक संस्थेने २०१३मध्ये याला वाट करून दिली आणि २०१६मध्ये ती आणखी रुंद केली. इतर कंपन्यांनी आपल्याला पेटीबाहेर काढलं म्हणून आरडाओरड केली. तंत्र उत्तम होतं, पण त्याने जुन्या तारेचं आयुष्य आणखी दहा वर्षांनी वाढवलं.

दरम्यान काही गावांनी वाट पाहणं सोडलं. डेन्मार्कच्या सीमेजवळच्या नॉर्डफ्रीसलांड जिल्ह्यात रहिवाशांनी स्वतःचे पैसे घालून नागरिकांची ब्रॉडबँड कंपनी काढली. त्यातून जेमतेम सहाशे वस्तीच्या लोवेनस्टेटमध्ये २०१४ साली फायबर आलं. गाव आणि पैसा आपला, मग खड्डाही आपणच खणू, ही गोष्ट सहकाराच्या मातीत वाढलेल्या मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. खासगी कंपन्यांनीही अशीच रीत धरली. गावातल्या ठरावीक, बऱ्याचदा चाळीस टक्के, घरांनी आधी करारावर सही केली तरच खोदायचं यंत्र आणायचं. त्यामुळे श्लेस्विग-होल्स्टाइनसारख्या ग्रामीण राज्यातली खेडी कित्येक शहरांच्या पुढे गेली.

२०२२च्या सरकारी धोरणानुसार २०३०पर्यंत सगळीकडे फायबर पोचायला हवं. वेग वाढला आहे, पण खर्च भारी पडतो. जर्मनीत जुन्या तारा बऱ्याच ठिकाणी थेट मातीत पुरलेल्या आहेत. स्पेनमध्ये जमिनीखाली नळ्या होत्या आणि त्या सर्व कंपन्यांना वापरता आल्या, म्हणून तिथे नुसतं फायबर ओढायचं होतं. जर्मनीत फरशी उखडावी लागते. त्यातच एकाच रस्त्यावर दोन कंपन्या खणतात आणि शेजारची वाडी कोरडी राहते, असे वाद चालू आहेत.

आणि फायबर दारात आलं तरी ते घेणारी घरं थोडीच आहेत. दारावर आलेल्या विक्रेत्याला लोक सांगतात की आमचं ५० मेगाबिटचं डीएसएल ठीक चाललंय. भाडेकरूंच्या इमारतीत घरमालकाची संमती मिळवावी लागते आणि जिन्यातून तार वर न्यावी लागते. त्यामुळे हजारो इमारतींपाशी फायबर येऊन थांबलं आहे आणि आत अजून जुन्याच तारेवर राउटर चालतो आहे.