आधी भांडण, मग प्रेम: नावडता माणूस आवडू लागतो तेव्हा

फोंड्याला बहिणीकडे गेले होते. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, आणि भाची खिडकीच्या उजेडात कादंबरीत बुडालेली. तीन हाका मारल्यावर पुस्तक छातीशी धरून जेवायला आली. म्हणाली, "मावशी, शेवटी मान्य केलं गो त्यानं! दोनशे पानं नुसता टोचून बोलत होता तिला."

सुरुवातीला एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन माणसं शेवटी एकमेकांवाचून राहू शकत नाहीत, अशा प्रेमकथा तरुण मुलं-मुली सध्या झपाटल्यासारख्या वाचतात. आपल्याकडे ही चव जुनीच आहे. १९११ साली रंगमंचावर आलेल्या 'संगीत मानापमान'मध्ये भामिनी धैर्यधराला गरीब म्हणून नाकारते, अपमानानं तोही पेटतो, आणि मग नाटक हळूहळू प्रेमाकडे वळतं. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी गाजवलेला धैर्यधर हाच. गोव्यात देवळांच्या जत्रांतून संगीत नाटकं बघत मोठी झालेली माणसं ही रुसव्याफुगव्याची गोडी चांगली ओळखतात. पण ती येते कुठून?

इलियट अ‍ॅरन्सन आणि डार्विन लिंडर या मानसशास्त्रज्ञांचा १९६५ मधला प्रयोग मला याचं सगळ्यात जवळचं उत्तर वाटतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या ८० विद्यार्थिनी त्यात होत्या. प्रत्येकीला दुसरी एक मुलगी भेटायची (ती खरं तर प्रयोगकर्त्यांचीच मदतनीस) आणि मग ती मुलगी आपल्याबद्दल काय बोलते ते सात वेळा कानावर पडायचं. काहींच्या वाट्याला सातही वेळा कौतुक आलं, काहींच्या वाट्याला सातही वेळा नापसंती. काहींना आधी नापसंती आणि मग हळूहळू कौतुक ऐकू आलं, तर काहींना याच्या उलट. शेवटी विचारलं, ती मुलगी तुम्हाला किती आवडली? उणे १० ते अधिक १० अशी मोजपट्टी होती. सतत कौतुक करणारीला सरासरी ६.४२ मिळाले. आधी नावं ठेवून मग मत बदललेलीला ७.६७!

कारण उघड आहे. जी सगळ्यांनाच छान म्हणते तिच्या 'छान'ला किंमत किती? जिनं आपल्यात खोट काढली आणि तरीही मत बदललं, तिनं आपल्याला नीट पारखलंय असं वाटतं. शिवाय नापसंतीनं मनाला लागलेली बोच निघून गेल्याचा सुटकेचा आनंद वेगळाच. वाचक नायिकेच्या जागी बसून तीच बोच आणि तीच सुटका अनुभवत असतो. मत पायरीपायरीनं बदललं तरच ते खरं वाटतं. म्हणून तर भाचीला दोनशे पानं हवी होती. पन्नासाव्या पानावर दिलजमाई झाली असती तर तिनं पुस्तक मिटून ठेवलं असतं.

दुसरी गोष्ट शरीराची. भांडताना छाती धडधडते, कान तापतात. ही धडधड रागाची की ओढीची, हे मन बरंचसं प्रसंगावरून ठरवतं. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. खाली सुमारे ७० मीटर खोल दरी. पुलावर पुरुषांना एक तरुणी भेटायची, काही प्रश्न विचारायची आणि आपला फोन नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. दुसऱ्या एका कमी उंचीच्या, भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त दोघांनी. उंचीच्या भीतीची धडधड झुलत्या पुलावरच्यांना ओढीची वाटली असावी.

मात्र इथेच थांबलं तर चुकीचा अर्थ निघतो. १९८१ च्या एका प्रयोगात पुरुषांना जागच्या जागी धावायला लावलं, काहींना १५ सेकंद तर काहींना २ मिनिटं, आणि मग एका मुलीची चित्रफीत दाखवली. मुलगी आकर्षक दिसत असेल तर जास्त धावलेल्यांना ती जास्त आवडली. ती मुद्दाम अनाकर्षक बनवलेली असेल तर त्यांनाच ती जास्त नावडली. म्हणजे धडधड प्रेम निर्माण करत नाही. आधी जे असेल तेच वाढवते. चांगली लेखिका म्हणूनच पहिल्या भांडणातच ओढीचं बी पेरून ठेवते.

आणि म्हणूनच सतत तुच्छतेनं वागणाऱ्या नायकाला शेवटच्या प्रकरणात माफ करणाऱ्या कादंबऱ्या मला अजिबात पटत नाहीत. मतभेद वेगळे, तुच्छता वेगळी. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांचं बोलणं अभ्यासलं. संसार मोडण्याची मोठी खूण त्यांना तुच्छतेतच दिसली.

जेवताना भाचीला विचारलं, सगळ्यात आवडलेलं पान कुठलं? मला वाटलं, चुंबनाचं दाखवील. तिनं कोपरा दुमडलेलं एक पान उघडलं. पहिल्या भांडणात नायिकेनं साखरेचा चहा रागानं परत पाठवलेला असतो. या पानावर तो काही न बोलता तिच्यासमोर बिनसाखरेचा कप ठेवतो.

"बघ," भाची म्हणाली, "तेव्हापासून लक्ष होतं त्याचं."